ओतशाळेतील अग्नीचा जमाखर्च

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या मुलुखात, जलंब स्थानकावरून फुटलेला लोहमार्गाचा लहानसा फाटा जेथे संपतो, त्या खामगावचा लौकिक एके काळी वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ म्हणून होता आणि १८७० साली हा फाटा घालण्यात आला तोही कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे लवकर पोचाव्यात एवढ्यासाठीच. पुढे त्याच गावाला ‘रजतनगरी’ हे दुसरे नाव मिळाले, ते तेथल्या चांदीच्या शुद्धतेवर दूरदूरच्या गिऱ्हाइकांनी टाकलेल्या विश्वासामुळे. ताटे, वाट्या, समया, देवांच्या मूर्ती, पूजेची उपकरणी असा जो माल या पेठेतून बाहेर जातो, त्यातील प्रत्येक जिनसाचा प्रारंभ भट्टीत होतो. धातू वितळवून साच्यात ओतावयाचा तर त्याला अग्नी किती लागतो, त्यातला सत्कारणी किती लागतो आणि वाया किती जातो, हा प्रश्न खामगावच्या मुशीपुढे बसलेल्या कारागिराला जितका जिव्हाळ्याचा, तितकाच तो शेजारच्या जालन्यातील पोलादाच्या भट्ट्यांना आणि कोल्हापूरच्या तीनशेच्या घरातील ओतशाळांनाही आहे. प्रमाण वेगळे असले तरी निसर्गाचे नियम दोन्हीकडे एकच आहेत, आणि म्हणूनच लहान मुशीपासून आरंभ करून मोठ्या भट्टीकडे जाणे मला अधिक सोयीचे वाटते.

मुशीपुढचे काम जवळून पाहिले म्हणजे इंधनाच्या काटकसरीचे पुष्कळसे शास्त्र तेथेच उलगडते. ग्राफाइट आणि माती यांच्या मिश्रणाची ती काळी मूस भट्टीत बसवावयाची, तिच्यात जुन्या भांड्यांची व दागिन्यांची मोड, कापकाम करताना उरलेले तुकडे आणि शुद्ध चांदी घालावयाची, वर थोडा टाकणखार टाकावयाचा आणि ज्वाला वाढवीत न्यावयाची. ९६२ अंश सेल्सिअसला चांदी वितळू लागते. प्रथम तुकड्यांच्या कडा ढळतात, मग ते एकमेकांत मिसळत जातात, टाकणखाराचा पातळ काचमय थर पृष्ठभागावर पसरतो आणि मळ त्यात गोळा होऊन कडेला सरतो. या वितळलेल्या चांदीचा एक विलक्षण स्वभाव असा, की ती प्राणवायू शोषून घेते, आणि शुद्ध प्राणवायूच्या सान्निध्यात तर आपल्या घनफळाच्या सुमारे वीसपट शोषते. परंतु गोठण्याच्या क्षणी एवढा वायू तिला धरून ठेवता येत नाही, तो उसळून बाहेर पडतो, पृष्ठभागावर फोड येतात, थेंब उडतात आणि लगडीच्या अंगात बारीक पोकळ्या राहून जातात. मुशीत लोणारी कोळशाचा चुरा पसरण्याचा जो जुना प्रघात आहे, त्याचे मर्म येथे आहे. कोळसा प्राणवायूला वाटेतच गाठून जाळून टाकतो, आणि तोच थर वितळलेल्या धातूच्या उघड्या पृष्ठभागावरून निसटणारी उष्णताही अडवतो. ज्या कारागिराने हा चुरा टाकण्याचा आळस केला त्याची लगड सच्छिद्र निघते, तिचा पत्रा ओढताना तो चिरतो आणि ती लगड पुन्हा मुशीत जाते. म्हणजे एकाच वाटीसाठी दोन वेळा इंधन जळते, दोन वेळा मजुरी पडते आणि दोन वेळा चांदीची घट सोसावी लागते. या दुबार वितळणाऱ्या लगडीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण ओतकामातील खर्चाचे खरे रहस्य मला तिच्यातच दिसते.

आता अंकांकडे वळू. एक किलो चांदी साध्या तापमानापासून तापवून, वितळवून, ओतण्याजोगी पातळ करण्यास सुमारे ३७० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या एका युनिटाचा जेमतेम दहावा हिस्सा. १९ किलोच्या एका व्यापारी गॅसटाकीत जेवढी उष्णता साठवलेली असते तेवढी सारी चांदीत उतरली असती, तर त्या एका टाकीवर दोन टनांहून अधिक चांदी वितळावी! प्रत्यक्षात इंधनावर चालणाऱ्या साध्या मुशीच्या भट्टीत शंभर भाग उष्णतेतील सात ते वीस भागच धातूपर्यंत पोचतात. उरलेल्यांपैकी सर्वांत मोठा वाटा तप्त धुराबरोबर निघून जातो, काही भिंतींतून झिरपतो, काही उघड्या तोंडातून किरणरूपाने पसरतो, आणि बराचसा भाग भट्टीच्या विटा तापविण्यातच खर्ची पडतो. जाड अग्निविटांची भट्टी दिवसभर अखंड चालणार असेल तर विटांनी एकदा घेतलेली उष्णता फारशी खटकत नाही. पण सकाळी एक मूस आणि सायंकाळी दुसरी, अशा तुटक कामात प्रत्येक वेळी त्या विटांना पहिल्यापासून तापवावे लागते, आणि धातूपेक्षा भिंतच अधिक इंधन खाते. अशा भट्टीला आतून सिरॅमिक तंतूंचे हलके अस्तर लावले, तर तापवावयाचे वजनच कमी होते आणि भट्टी लवकर रंगात येते. त्याहूनही बिनखर्चाचा उपाय म्हणजे दिवसाच्या सगळ्या मुशी एकापाठोपाठ एक लावणे, किंवा दोन-तीन शेजारच्या कारागिरांनी आपसांत वार ठरवून एकाच तापलेल्या भट्टीवर काम उरकणे. धातू मौल्यवान असल्यामुळे आपली चांदी दुसऱ्याच्या भट्टीवर नेण्यास कारागीर कचरतो, हे खरे आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण वजन करून, टंच लिहून, दोघांच्या सहीने चिठ्ठी करण्याची रीत सराफी व्यवहाराला नवी नाही.

उघड्या तोंडाचा उल्लेख वर आला, त्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. तप्त वस्तूपासून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतात, असा स्टेफान आणि बोल्ट्झमान या दोघा शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की लोखंडाचा रस १४०० अंशांवर ठेवण्याऐवजी १५०० अंशांवर ठेवला, तर किरणांवाटे होणारी गळती सव्वापट होते. आणि १४५० अंशांवरील आदर्श काळ्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर भाग तर सुमारे ५०० किलोवॅट शक्ती सतत बाहेर फेकत असतो. रसाचा खरा पृष्ठभाग इतका काळा नसतो, त्यामुळे गळती यापेक्षा कमी असते, पण भट्टीवर झाकण का हवे हे समजण्यास एवढा आकडा पुरेसा आहे. पुष्कळ ओतशाळांत झाकण असते आणि ते भिंतीला टेकवून ठेवलेले असते, कारण ते उचलण्याची सोय नीट केलेली नसते. वैशाखात पारा ४४ अंशांच्या वर चढणाऱ्या या प्रदेशात, त्या उघड्या तोंडापुढे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे डोळे आणि कातडी यांना हेच किरण भाजत असतात. झाकणाचा खर्च मंजूर करताना मालकाने विजेच्या बिलाबरोबर हाही विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

चांदीकडून लोखंडाकडे आलो म्हणजे महाराष्ट्रात प्रथम किर्लोस्करवाडी आठवते. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि तेथे लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आयात आटली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा त्यांच्या हवाली केल्या, आणि त्या तोफांचे नांगर झाले. टंचाईच्या त्या काळात धातूचा एक तुकडा वाया घालविणे कोणाला परवडणारे नव्हते. याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. यंत्रशाळेचा विषय सामान्य वाचकापुढे मराठीत मांडता येतो, हा धीर आमच्या भाषेला त्या परंपरेने दिला, आणि प्रस्तुत लेखही त्याच धीराच्या आधारे लिहीत आहे.

लोखंड वितळविण्याचे जुने साधन म्हणजे कुपोला: उंच नळकांड्यासारखी भट्टी, वरून कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर आणि खालून भात्याची हवा. खाली कोक जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वर चढताना तप्त कोकशी पुन्हा भिडतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. या दुसऱ्या क्रियेत उष्णता निर्माण होण्याऐवजी शोषली जाते, आणि जळू शकणारा वायू न जळता धुराड्यातून निघून जातो. यावर उपाय म्हणून हवा दोन भागांत विभागून, खालच्या छिद्रांच्या रांगेच्या वर ठरावीक अंतरावर दुसरी रांग ठेवण्याची युक्ती निघाली. दुसऱ्या रांगेतील हवेने तो वायू भट्टीच्या आतच जळतो आणि त्याची उष्णता वरून उतरणाऱ्या लोखंडाला मिळते. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने स्विस विकास संस्थेच्या साहाय्याने १९९८ साली हावड्यातील एका ओतशाळेत अशी भट्टी उभारून दाखविली, आणि तेथे कोकचा वापर एक तृतीयांशाहूनही अधिक घटला. धातू तोच, माणसे तीच. बदलली ती मुख्यतः हवा आत जाण्याची जागा. उद्योगधंद्यांच्या इतिहासात इतक्या थोडक्या फेरफाराने इतका मोठा लाभ झाल्याची उदाहरणे विरळाच सापडतील.

हळूहळू कुपोलाची जागा विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीने घेतली आहे. तिच्यात तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने लोखंडातच प्रवाह उत्पन्न होतात आणि धातू आतून तापतो. म्हणून धूर कमी आणि नियंत्रण अधिक. एक टन लोखंड ओतण्याच्या तापमानास नेण्यास सिद्धान्ताप्रमाणे सुमारे ३९० युनिटे लागावीत; व्यवहारात साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात, आणि जेथे व्यवस्था ढिली तेथे सातशेच्याही वर जातात. हा फरक पुष्कळदा यंत्राचा नसतो. रस तयार आहे पण साचे तयार नाहीत. साचे तयार आहेत पण नमुन्याच्या तपासणीचा निकाल प्रयोगशाळेतून आलेला नाही. निकाल आला तर क्रेन दुसरीकडे गुंतलेली आहे. आणि एवढा सारा वेळ भट्टी त्या रसाला केवळ तप्त ठेवण्यासाठी वीज ओढीत राहते. भंगार वाळूसकट आत टाकले तर ती वाळूही तापवावी व वितळवावी लागते आणि शेवटी मळी म्हणून बाहेर काढून फेकावी लागते. भंगाराचे लांब, वेडेवाकडे तुकडे एकमेकांत अडकून भट्टीच्या तोंडाशी पूल बांधतात, तेव्हा खालचा रस अकारण तापत राहतो आणि कधी कधी अस्तराला धोका पोचून अपघाताचाही प्रसंग येतो. भंगार कापून, झाडून, वजनवार रचून ठेवणे हे काम हलके समजून सर्वांत कमी पगाराच्या माणसावर सोपविले जाते; वस्तुतः दिवसाच्या वीजखर्चाची दिशा तोच माणूस ठरवीत असतो.

आणि आता त्या दुबार वितळणाऱ्या लगडीकडे येतो. ओतशाळेचा मालक आपला वीजखर्च बहुधा दर टन वितळलेल्या रसामागे मोजतो. पण साच्यात ओतलेला सगळा रस मालाच्या रूपाने बाहेर पडत नाही. रस आत जाण्याच्या वाटा, गोठताना आकुंचन पावणाऱ्या धातूला पुरवठा करणारे रायझर, असा बराचसा भाग नंतर तोडून पुन्हा भट्टीत टाकावा लागतो. आणि तयार झालेल्या मालातीलही काही नग सदोष म्हणून परत येतात. हिशेबापुरते असे धरू, की ओतलेल्या रसापैकी ५५ टक्के भाग मालाचा, त्यातील ८ टक्के नग नापास आणि दर टन रसाला ६२० युनिटे. तर एक टन निर्दोष माल हाती येण्यासाठी १९७६ किलो रस करावा लागतो आणि १२२५ युनिटे खर्च होतात. मालकाने पैसा घालून भट्टी सुधारली आणि दर टन रसाचा खर्च ५८० युनिटांवर आणला, तर १२२५ ऐवजी ११४६ युनिटे लागतील. ७९ युनिटांची बचत. याउलट भट्टीला हातही न लावता रसवाटांची रचना सुधारून मालाचा भाग ५५ वरून ६२ टक्के केला आणि नापास नगांचे प्रमाण ८ वरून ४ टक्क्यांवर आणले, तर १६८० किलो रसात काम भागते, १०४२ युनिटे लागतात आणि बचत १८३ युनिटांची होते. ज्या भट्टीवर सर्वांची दृष्टी खिळलेली असते तिच्याबाहेर, साच्याच्या वाळूत आणि रसवाटेच्या आराखड्यात, दुपटीहून अधिक बचत पडून आहे. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की रोजकीर्दीतील युनिटांचा आकडा वितळलेल्या टनामागे न मांडता गिऱ्हाइकाने स्वीकारलेल्या निर्दोष किलोमागे मांडावा. मांडणीची ही एक ओळ बदलली, की साचेकार, वाळू मिसळणारा, तपासनीस आणि भट्टीवाला या चौघांचे काम एकाच खात्यात येते.

नापास नगांची कारणे शोधणे हे वैद्यासारखे निदानाचे काम आहे. वाळूत ओलावा अधिक झाला तर वाफेने पोकळ्या पडतात. वाळू नीट ठासली गेली नाही तर ती रसाबरोबर वाहून मालात रुतते. रस थंड असेल तर दोन प्रवाह भेटूनही सांधत नाहीत, आणि ही भीती टाळण्यासाठी रस गरजेपेक्षा अधिक तापविला, तर वीज जाते, साचा भाजतो आणि आकुंचनाच्या पोकळ्या वाढतात. अलीकडे रस साच्यात कसा वाहील आणि कोठे शेवटी गोठेल, याचे चित्र संगणकावर आधीच पाहता येते आणि रायझरभोवती उष्णतारोधक वेष्टण बसवून त्याचा आकार लहान ठेवता येतो. कोल्हापुरात आणि बेळगावात ही साधने पुष्कळ ठिकाणी रुळली आहेत. लहान ओतशाळेला ती विकत घेणे जड वाटेल. पण वाळूचा ओलावा दर तासाला मोजून वहीत लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या बाबींपैकी एकच सांगतो. दाबाखालच्या हवेच्या नळाला तीन मिलिमीटरचे एक छिद्र पडले, तर ती गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला सुमारे साडेतीन किलोवॅट शक्ती जास्त लागते. रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर ८४०० युनिटे त्या एका छिद्रातून फुसफुसत निघून जातात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, यंत्रे थांबलेली असताना, कान देऊन कारखान्यातून एक फेरी मारली की अशी छिद्रे स्वतःच आपला ठावठिकाणा सांगतात.

मोठ्या प्रमाणावरील कामाची कथा जालन्याच्या बाजूला वाचावयास मिळते. समृद्धी महामार्गाने सिंदखेडराजा मागे टाकून पुढे गेले, की बांधकामाच्या सळया करणाऱ्या कारखान्यांचा हा जिल्हा लागतो. भट्टीतील पोलाद ओतून त्याच्या कांड्या करावयाच्या, त्या थंड होऊ द्यावयाच्या आणि मग सळई लाटण्यासाठी दुसऱ्या भट्टीत कोळसा किंवा तेल जाळून पुन्हा तापवावयाच्या, असा या धंद्याचा जुना शिरस्ता. कांडी लाल असतानाच सरळ लाटण्याच्या यंत्रात घालण्याची जी पद्धत अशा कारखान्यांत आता प्रचारात येत आहे, तिने दुसरी भट्टीच अनावश्यक ठरते आणि तिचे सारे इंधन वाचते. मात्र ओतण्याचा आणि लाटण्याचा वेग एकमेकांशी तंतोतंत जुळावा लागतो. एकीकडे मिनिटभर खोळंबा झाला, की दुसरीकडे कांडी निवते.

शासनाकडून या कामी काहीच झाले नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला, बेळगाव, कोइम्बतूर आणि इंदूर येथील ओतशाळांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेबरोबर योजना आखली गेली, आणि राज्यात महाऊर्जा ही संस्था आहे. २०१६ साली विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलतही मिळाली. तिने मागास भागातील कारखानदाराला श्वास घेण्यास अवधी मिळाला, हे मान्य करून एवढे सांगितले पाहिजे, की सवलतीने युनिटाचा दर उतरतो, वाया जाणारी युनिटे आहेत तेवढीच राहतात. आणि सवलतीची मुदत व अटी ठरविणे कारखानदाराच्या हाती नसते, भट्टीचे झाकण मात्र असते.

या सगळ्या योजनांची नजर स्वाभाविकपणे मोठ्या आणि मध्यम कारखान्यांकडे जाते. चांदीच्या मुशीपुढे बसणारा कारागीर कोणत्याच दप्तरात ‘ओतशाळा’ म्हणून नोंदलेला नसतो. त्याच्यासाठी करता येण्याजोगी एक तजवीज जिल्ह्यातच आहे. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शेगावला १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय लागतो. त्यांनी पेठेतील इच्छुक कारागिरांच्या भट्ट्यांवर जाऊन महिनाभर चार गोष्टी लिहून काढाव्यात: मुशीत घातलेले वजन, जळलेला गॅस किंवा वीज, हाती आलेल्या निर्दोष लगडीचे वजन आणि पुन्हा वितळवाव्या लागलेल्या लगडींचे कारण. मग काही भट्ट्यांना हलके अस्तर आणि झाकण बसवून तेच माप पुन्हा महिनाभर घ्यावे आणि दोन्ही महिन्यांचे आकडे, चांदीच्या मालकाचे नाव वगळून, पेठेत सर्वांना पाहता येतील असे लावावेत. वजनकाटा प्रत्येक पेढीवर आहेच. नवे लागेल ते भट्टीपुरते वेगळे मीटर, एक वही आणि दिवाळीची मागणी ओसरल्यानंतरचे दोन महिने.